कंपनीतला पहिला प्रोजेक्ट: संघटनात्मक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

माझ्या पहिल्या प्रोजेक्टचे वाचक दोनच होते, आणि दोघंही नाराज झाले. गाईडनी पानं उलटत विचारलं, "यात सिद्धान्त कुठे आहे?" ज्यांच्या विभागात मी तीन महिने बसले होते त्या मॅनेजरनी तोच अहवाल चाळला आणि म्हणाले, "यात आमचं काय आहे?"

तेव्हा दोघांचाही राग आला होता. आज तो अहवाल उघडला की दोघांचंही पटतं. पहिली चाळीस पानं पुस्तकातल्या सिद्धान्तांची, पुढची वीस कंपनीतल्या आलेखांची, आणि हे आलेख त्या सिद्धान्तांशी कसे जोडले जातात हे सांगणारं एक वाक्यही मधे नाही. वर्गात संशोधन शिकवतात, इंटर्नशिपमध्ये काम शिकवतात. दोन्हींची गाठ कशी घालायची हे मात्र तुमचं तुम्हीच शोधा, असा प्रकार असतो.

दुसऱ्या प्रोजेक्टला मी जरा शहाणी झाले होते. ग्राहकांच्या फोनला उत्तरं देणाऱ्या एका विभागात नवे लोक पहिल्या तीन महिन्यांतच सोडून जात होते, त्याचा तो अभ्यास. खालची बहुतेक उदाहरणं तिथलीच आहेत.

आधी जवळ काय काय हवं

- कॉलेजचं पत्र आणि गाईडची सही असलेला एक पानाचा प्रस्ताव. एकच पान. मोठा प्रस्ताव कंपनीत कुणी वाचत नाही.
- नीतिमत्ता समितीची मंजुरी. हिला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून अर्ज सगळ्यात आधी टाका.
- सहभागी होणाऱ्यांसाठी संमतिपत्र, त्यांना समजेल अशा भाषेत.
- डेटा कोण पाहणार, किती काळ ठेवणार, याबद्दल कंपनीशी लेखी करार. ईमेलवर झाला तरी चालेल, पण लेखी हवा.
- जी मापनी (ताण, समाधान अशा गोष्टी मोजणारी तयार प्रश्नावली) वापरणार तिच्या वापराची परवानगी.
- झोटेरो (संदर्भ सांभाळायला), जामोवी किंवा जॅस्प (आकडेमोडीला), जीपॉवर (नमुना किती मोठा हवा ते काढायला). सगळी फुकट आहेत.
- एक वही. खरोखरची, कागदाची. लोक लॅपटॉपसमोर बोलायला बिचकतात.

१. तक्रार ऐकून घ्या, पण तिच्यात लपलेलं निदान वेगळं काढा

कंपनी तुमच्याकडे क्वचितच नुसती समस्या घेऊन येते. येताना ती बरोबर निदान आणते, बऱ्याचदा औषधही ठरवून आणते. मला पहिल्याच बैठकीत सांगितलं गेलं, "नव्या पोरांत मोटिव्हेशनच नाही. तुम्ही एक चांगलं ट्रेनिंग घ्या." या दोन वाक्यांत निदान आहे (मोटिव्हेशन नाही) आणि औषध आहे (ट्रेनिंग). नेमकं काय घडतंय, ते मात्र कुठेच नाही.

अशा वेळी मान डोलावून वहीत "मोटिव्हेशन" लिहिलंत की पुढचे तीन महिने मोटिव्हेशनचे सिद्धान्त वाचण्यात जातात. मी पहिल्या प्रोजेक्टमध्ये तेच केलं होतं. त्यापेक्षा हे प्रश्न विचारा:

"असं वाटायला लावणारा अगदी अलीकडचा प्रसंग कोणता?"
"हे कधीपासून आहे? त्या आधी काय बदललं होतं?"
"सगळ्या टीममध्ये सारखंच आहे, की कुठे कमी-जास्त?"
"यावर आधी काय करून पाहिलंत?"
"सहा महिन्यांनी काय दिसलं तर तुम्ही म्हणाल, प्रश्न सुटला?"

पहिला प्रश्न सगळ्यात कामाचा. प्रसंग विचारून माहिती काढण्याची ही पद्धत फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये रीतसर मांडली आणि मुलाखतीसाठी ती अजूनही वापरतात. "तुमच्या टीममध्ये मोटिव्हेशन कसं आहे?" विचारलं तर मत मिळतं. "शेवटचा राजीनामा कुणी दिला, त्याच्या आधीच्या आठवड्यात काय झालं होतं?" विचारलं तर हकिकत मिळते. आमच्या मॅनेजरना हा प्रश्न विचारल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "खरं सांगू? त्या मुलीला शिफ्ट बदलून हवी होती. आम्हाला जमलं नाही." मोटिव्हेशनचा विषय तिथेच बाजूला पडला.

मग हेच प्रश्न टीम लीडरना आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारा. इथे हमखास एक गंमत होते. तीन पातळ्यांवरचे लोक तीन वेगळ्या समस्या सांगतात आणि तिघंही खरं बोलत असतात. आमच्याकडे टीम लीडर म्हणाले की निवड चुकते, आणि फोन घेणाऱ्यांनी सांगितलं की पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक शुक्रवारी संध्याकाळी लागतं, सोमवारी कितीला यायचंय ते तोवर माहीत नसतं.

या सगळ्यातून एका ओळीचा प्रश्न लिहा आणि मॅनेजर व गाईड दोघांनाही दाखवा. माझा असा होता: "नवे कर्मचारी पहिल्या तीन महिन्यांत का सोडतात, आणि त्यातल्या कोणत्या गोष्टी विभागाच्या हातात आहेत?" दोघांनी होकार दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. उत्तरार्ध विसरू नका. तो नसला की अहवालात अशी कारणं भरतात ज्यांचं कुणालाच काही करता येत नाही.

२. ऑफिसमधले शब्द आणि अभ्यासातल्या संकल्पना यांची जोडी लावा

वर्ग आणि ऑफिस खरं तर इथे भेटतात, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका. वहीचं एक पान उभं दुमडा. डावीकडे लोकांनी वापरलेले शब्द, त्यांच्याच तोंडचे. उजवीकडे त्यांच्याशी जुळू शकतील अशा संकल्पना.

"लोक पार थकलेत" याच्यासमोर बर्नआउट येईल, पण कामाचा बोजा, माणसांची कमतरता आणि अपुरी झोपही येईल. "मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही" याच्यासमोर मानसिक सुरक्षितता (बोललो तर अपमान किंवा शिक्षा होणार नाही, हा विश्वास), किंवा नुसतंच मीटिंगचं वाईट नियोजन. "इथे कुणाला आपलेपणा नाही" यासमोर तर निदान तीन गोष्टी येतात: संस्थेशी बांधिलकी, कामात गुंतणं आणि सहकाऱ्यांचा आधार. या तिन्हींची मोजमापं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

नवखे लोक डावीकडच्या एका शब्दासमोर उजवीकडे एकच शब्द लिहून मोकळे होतात. ते टाळा. निदान दोन पर्याय लिहा आणि एक टाकून दुसरा का ठेवला, ते एका वाक्यात नोंदवा. गाईड ज्याला सैद्धान्तिक चौकट म्हणतात ती ह्या वाक्यांतूनच उभी राहते. माझ्या यादीला शेवटी कामाच्या मागण्या आणि साधनं यांचं मॉडेल लागू पडलं. डेमेरुटी, बॅकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेलं. त्याचं म्हणणं साधं आहे: काम माणसाकडून काही मागतं (वेळ, लक्ष, भावनांवर ताबा) आणि माणसाला काही पुरवतं (मोकळीक, मदत, स्पष्ट माहिती). मागण्या वाढत गेल्या की थकवा येतो, साधनं अपुरी पडली की मन उडतं. वेळापत्रक उशिरा कळणं ही तक्रार नेमकी साधनांच्या खान्यात जाऊन बसली.

३. वाचन मेटा-विश्लेषणापासून सुरू करा

एखादा सुटा शोधनिबंध सापडतो, निष्कर्ष आपल्या मनासारखा असतो, आणि सगळा प्रोजेक्ट त्याच्यावर उभा राहतो. हा मोह आवरा. आधी अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब करणारी मेटा-विश्लेषणं वाचा. ती का, हे एका उदाहरणावरून कळेल.

"कर्मचाऱ्यांना फीडबॅक द्या" हा सल्ला विद्यार्थ्यांच्या जवळपास प्रत्येक अहवालात शेवटी असतो. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या संशोधनातले ६०७ परिणाम एकत्र तपासले. सरासरीने फीडबॅकमुळे कामगिरी सुधारत होती, हे खरं. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ती चक्क घसरली होती. फीडबॅकमुळे माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं की परिणाम उणावतो, असं त्यांनी मांडलं. म्हणजे "फीडबॅक द्या" एवढ्याने सल्ला पुरा होत नाही. कशाबद्दल द्यायचा आणि कसा, हे सांगितलंत तरच तो पुरा होतो.

दुसरं उदाहरण जुन्या पुस्तकांपासून सावध करणारं. कर्मचारी निवडीच्या पद्धतींवर श्मिट आणि हंटर यांचं १९९८ चं विश्लेषण वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. त्यात बौद्धिक क्षमतेच्या चाचणीची वैधता (निवडीतले गुण आणि पुढची कामगिरी किती जुळतात; ० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५१ आणि ठरावीक प्रश्नांच्या रचनाबद्ध मुलाखतीचीही ०.५१ होती. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जुन्या हिशेबातल्या काही सांख्यिकी दुरुस्त्या गरजेपेक्षा जास्त होत्या. त्यांच्या नव्या अंदाजात रचनाबद्ध मुलाखत ०.४२ वर आली आणि बौद्धिक चाचणी थेट ०.३१ वर. तुमच्या हातातलं पाठ्यपुस्तक २०२२ च्या आधीचं असेल तर त्यातला क्रम आता तसा राहिलेला नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक हे विचारू शकतात. मला विचारलं होतं.

वाचायचं किती? दोन-तीन मेटा-विश्लेषणं किंवा आढावे, आणि मग तुमच्या विभागाशी जुळणारे सहा-आठ शोधनिबंध. गूगल स्कॉलरवर निबंधाच्या खाली त्याचा संदर्भ कुणी-कुणी दिला याची यादी असते, तिच्यातून नवे अभ्यास सापडतात. पैसे मागणारा निबंध अनपेवॉलमध्ये (निबंधांच्या कायदेशीर फुकट प्रती शोधून देणारं साधन) फुकट मिळतो का बघा. नाहीच मिळाला तर लेखकाला दोन ओळींचं ईमेल टाका. बहुतेक जण आनंदाने पाठवतात.

प्रत्येक निबंधासाठी चार रकाने भरा: अभ्यास कुणावर झाला, काय मोजलं, फरक किती पडला, आणि आपल्या विभागाशी तो कुठे जुळत नाही. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो निबंध पुन्हा वाचा, काहीतरी नजरेतून सुटलंय. माझ्या बाबतीत तो रकाना असा कामी आला. नोकरी देण्याआधी उमेदवाराला कामाचं खरं चित्र, चांगलं-वाईट दोन्ही, दाखवलं तर लोक टिकतात, असं मला सुचवायचं होतं. मेटा-विश्लेषणं वाचल्यावर दिसलं की परिणाम आहे, पण लहान आहे. सूचना मी ठेवली, फक्त "याने गळती थांबेल" हे वाक्य खोडलं.

४. कंपनीकडे आधीपासून काय आहे ते मागा

सर्व्हे काढायची घाई सगळ्यांनाच असते. त्याआधी एचआरकडे रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, टीम आणि शिफ्ट एवढे चार रकाने मागा, नावं काढून. मी फक्त "कितव्या आठवड्यात सोडलं" याचा आलेख काढला. प्रशिक्षण संपून प्रत्यक्ष फोन घ्यायला बसवल्यानंतरच्या दोन आठवड्यांत टेकडी उभी होती. शंभर प्रश्नांच्या सर्व्हेने जे कळलं नसतं ते त्या एका आलेखाने सांगितलं.

मात्र नोंदींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला (तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला), तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. निघालं उलटंच. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त दिसल्या, कारण तिथले लोक न घाबरता चूक सांगत आणि नोंदवत होते. कंपनीतल्या तक्रारी, अपघात, रजा यांच्या आकड्यांनाही हेच लागू आहे. आकडा किती घडलं ते सांगतो, की किती नोंदवलं गेलं ते, हे आधी विचारा.

नोकरी सोडतानाच्या मुलाखतींचंही तसंच. आमच्याकडच्या बहुतेक फॉर्मवर "वैयक्तिक कारण" लिहिलेलं होतं. जाता जाता वाईटपणा कोण घेणार?

आणखी एक, व्याख्या तपासा. आमच्याच इमारतीतले दोन विभाग गळती वेगवेगळ्या तऱ्हेने मोजत. एक जण प्रशिक्षणातल्या लोकांना धरत होता, दुसरा नाही. दोन महिने त्या दोन आकड्यांची तुलना मीटिंगमध्ये चालू होती.

५. परवानगी, संमती आणि "हे कोण म्हणालं?"

इथे मी घाण करून ठेवली होती, म्हणून स्पष्ट लिहिते. पहिल्या अहवालात एका मुलाखतीतलं वाक्य मी असं दिलं: "रात्रपाळीतल्या एका अनुभवी महिला कर्मचाऱ्याच्या मते..." नाव दिलं नाही म्हणजे झालं, अशी माझी समजूत. त्या रात्रपाळीत महिला एकच होती. अहवाल गेला त्याच दिवशी तिचा फोन आला. ती रागावली नाही, नुसतं "अगं, असं कसं लिहिलंस?" म्हणाली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

तेव्हापासून माझा नियम: कुठल्याही वाक्याला पद, पाळी, वय, लिंग यांतल्या दोन गोष्टी एकत्र लावायच्या नाहीत, आणि दहापेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे दाखवायचे नाहीत. काही जण पाचवर थांबतात. मी दहा धरते.

कंपनीशी करार करताना या गोष्टी आधी ठरवून घ्या:

- कच्चा डेटा फक्त तुम्ही आणि गाईड पाहणार.
- सगळ्यात लहान किती जणांच्या गटाचा निष्कर्ष दाखवणार.
- निष्कर्ष गैरसोयीचे निघाले तरी कॉलेजला अहवाल देता येईल.
- कंपनीचं नाव लिहायचं की नाही.
- डेटा कोणत्या तारखेला नष्ट करणार.

तिसरा मुद्दा काढताना अवघडल्यासारखं होतं. तरी काढा. नंतर काढलात तर फार उशीर झालेला असतो.

संमतीचं म्हणाल तर, फॉर्मवर सही झाली म्हणजे संमती मिळालीच असं नाही. मॅनेजरनी "सर्वांनी आजच भरावे" असं ईमेल पाठवलं की लोक भरतात, पण घाबरून भरतात आणि मधल्या आकड्यांवर खुणा करून मोकळे होतात. दुवा तुम्ही स्वतः पाठवा. भरलं नाही तरी कुणाला कळणार नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा, आणि ते खरं असेल याची व्यवस्था करा. वैयक्तिक माहितीचा तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो, ते नीतिमत्ता समितीला विचारून घ्या.

शेवटी कुणीतरी चहाच्या वेळी विचारणारच, "बरं, खासगीत सांगा, हे कोण म्हणालं?" उत्तर आधीच पाठ करून ठेवा. "ते मला सांगता येत नाही, तसं लेखी ठरलंय." हसून सांगा, पण सांगा.

६. मापनी निवडताना

स्वतःची प्रश्नावली बनवू नका. दहा प्रश्न लिहायला एक दुपार लागते आणि ते जे मोजायचंय तेच मोजतात हे सिद्ध करायला दोन वर्षं.

तयार मापनी घेताना आधी हक्क बघा. मॅस्लाक यांची बर्नआउट मापनी (१९८१) सगळ्यांना माहीत असते, पण तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. इंटरनेटवर कुठेतरी प्रश्न सापडले म्हणून वापरू नका. कामात गुंतण्याची उट्रेक्ट मापनी शैक्षणिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी फुकट आहे आणि तिची नऊ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. कामाच्या ताणासाठी कोपनहेगनची प्रश्नावली बघा.

भाषांतर लागणार असेल तर ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये सांगितलेला मार्ग धरा: एकाने मराठीत करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचं, आणि दोन्ही ताडून पाहायचं. एवढ्यावर थांबू नका. पाच जणांना प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि "यातून काय समजलं?" विचारा. उत्साहाबद्दलच्या एका प्रश्नाचं माझं भाषांतर ताडताना अगदी बरोबर ठरलं होतं. वाचणारा पहिलाच माणूस हसला आणि म्हणाला, "असं कोण बोलतं?"

विश्वसनीयतेचा अल्फा (मापनीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) मूळ निबंधातून उतरवून घेऊ नका, तुमच्या डेटावर पुन्हा काढा. फार खाली आला तर घाबरण्याआधी बघा की उलट अर्थाच्या प्रश्नांचे गुण उलटे करायचे राहिलेत का. दहापैकी सात वेळा तेच असतं, निदान आमच्या वर्गात तरी.

सगळ्यात मोठा खड्डा असा. ताणही त्याच फॉर्मवर, सोडून जायचा विचारही त्याच फॉर्मवर, त्याच माणसाने त्याच दहा मिनिटांत भरलेला. त्या दिवशी तो वैतागलेला असला तर दोन्ही आकडे एकदमच वाढतात आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र कमी-जास्त होतात तो आकडा) फुगतो. शक्य असेल तर एक गोष्ट फॉर्मवरून घ्या आणि दुसरी नोंदींतून, किंवा मधे काही आठवडे जाऊ द्या.

आणि व्यक्तिमत्त्वाचे "प्रकार" सांगणाऱ्या चाचण्या निवडीसाठी सुचवू नका, एचआरला कितीही आवडत असल्या तरी. मायर्स-ब्रिग्जची प्रकाशक कंपनी स्वतःच सांगते की ती नोकरभरतीसाठी नाही.

७. माणसं किती हवीत

०.३ एवढा सहसंबंध नेहमीच्या निकषांवर (८० टक्के शक्ती, म्हणजे खरा संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता; ०.०५ पातळी, म्हणजे नसलेला संबंध आहे असं वाटण्याचा धोका) पकडायला सुमारे ८५ माणसं लागतात. दोन गटांतला मध्यम आकाराचा फरक पकडायला प्रत्येक गटात ६४. तुमच्या विभागात चाळीसच जण असतील तर आकडेवारीचा हट्ट सोडा आणि दहा-पंधरा मुलाखती नीट घ्या. चाळीस जणांवर केलेल्या नऊ सांख्यिकी चाचण्यांपेक्षा ते कितीतरी बरं.

जे सोडून गेले ते तुमच्या सर्व्हेत नसतात, हेही ध्यानात असू द्या. गळतीचा अभ्यास फक्त टिकलेल्यांना विचारून होत नाही. मी सोडून गेलेल्या सहा जणांशी फोनवर बोलले (त्यांची तयारी आहे का, हे आधी एचआरने त्यांना विचारलं), आणि सगळ्यात मोकळी उत्तरं त्यांचीच होती.

८. बदल करून बघायची संधी मिळाली तर

सगळ्यांना मिळत नाही. मिळाली तर एकदम सगळीकडे बदल करू देऊ नका. आमच्याकडे सहा टीम होत्या. वेळापत्रक दोन आठवडे आधी लावायचं ठरल्यावर मी विनंती केली की आधी तीन टीममध्ये करू, उरलेल्या तिघींना तीन महिन्यांनी. कोणत्या आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. सगळ्यांना मिळणारच होतं, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही, आणि मला तुलना मिळाली.

चिठ्ठ्याच का? सगळ्यात वाईट टीमपासून सुरुवात करू, असं मॅनेजरना वाटतं. पण सगळ्यात वाईट महिन्यानंतरचा महिना बहुतेक वेळा आपोआपच जरा बरा जातो. श्रेय तुमच्या उपायाला मिळतं आणि पुढच्या वर्षी तोच उपाय तोंडघशी पाडतो.

इथे कुणीतरी हॉथॉर्नचं नाव काढतं. शिकागोजवळच्या त्या कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले आणि "लक्ष दिलं की लोक चांगलं काम करतात" ही गोष्ट तिथून पसरली. प्रकाशाच्या प्रयोगांचे मूळ आकडे लेव्हिट आणि लिस्ट यांनी शोधून पुन्हा तपासले, तेव्हा पाठ्यपुस्तकात रंगवतात तेवढा ठळक परिणाम त्यात दिसला नाही (त्यांचा निबंध २०११ चा). तेव्हा आपल्या अहवालात "हॉथॉर्न परिणामामुळे" असं सहज लिहून टाकू नका.

आमचा निकाल? न सांगता घेतलेल्या रजा आधी बदललेल्या टीममध्ये स्पष्ट कमी झाल्या. गळतीतही फरक दिसला, पण इतका लहान की तो योगायोगही असू शकेल. तसंच लिहिलं. मॅनेजरना पहिलं वाक्य आवडलं, गाईडना दुसरं.

९. अहवाल दोन लिहा

एकच अहवाल दोघांना पुरवायला गेलात तर माझ्यासारखी गत होते. कॉलेजचा अहवाल नेहमीच्या क्रमाने लिहा. कंपनीसाठी दोन पानं वेगळी, उलट्या क्रमाने: काय करावं, ते आपण कशाच्या जोरावर म्हणतो, किती खात्रीने म्हणतो, आणि काय कळलेलं नाही. "कशाच्या जोरावर" लिहिताना प्रत्येक सूचनेपुढे तिचा आधार द्या: संशोधन, कंपनीच्या नोंदी, अनुभवी लोकांचं मत, की कर्मचाऱ्यांचं म्हणणं. पुराव्यावर आधारलेल्या व्यवस्थापनाचा आग्रह धरणारे डेनिस रूसो, बारेंड्स, ब्रायनर यांच्यासारखे अभ्यासक हेच चार आधार सांगतात. एखाद्या सूचनेपुढे एकच आधार असेल तर ते दिसू द्या, लपवू नका.

आकडे बोलीत सांगा. "सहसंबंध ०.३" ऐकून मॅनेजर "म्हणजे तीस टक्के" असं समजतात आणि विद्यार्थीही मान डोलावतात. ते चूक आहे. असं सांगा: वेळापत्रकाबद्दल जास्त समाधानी असलेल्या निम्म्या लोकांतले शंभर जण घेतले तर त्यांतले साधारण साठ जण टिकून राहण्याच्या इच्छेतही वरच्या निम्म्यात असतील. काहीच संबंध नसता तर पन्नास असते. साठ आणि पन्नास हे कुणालाही कळतं, आणि फरक मोठा नाही हेही कळतं.

सूचना तीनच ठेवा. प्रत्येकीपुढे ती कोण अमलात आणू शकतो त्याचं पद लिहा. "व्यवस्थापनाने विचार करावा" असं लिहिलंत की विचार कुणीच करत नाही.

सादरीकरणाच्या दोन दिवस आधी टीम लीडरना मसुदा दाखवा. मंजुरीसाठी नाही. तुम्हाला समजलेलं आणि त्यांनी सांगितलेलं जुळतंय का, एवढंच बघायला. माझ्या मसुद्यात एका शिफ्टची वेळ चुकली होती. ती तशीच सभेत गेली असती तर पुढचा अर्धा तास तिच्यावरच गेला असता.

१०. निघताना

ज्यांनी उत्तरं दिली त्यांना एक पानाचा सारांश द्या, सूचना फलकावर लावा किंवा टीम लीडरकरवी वाचून दाखवा. बहुतेक ठिकाणी लोक सर्व्हे भरतात आणि त्याचं पुढे काय झालं ते त्यांना कधीच कळत नाही, म्हणून पुढच्या विद्यार्थ्याला ते दारात उभं करत नाहीत.

ठरलेल्या तारखेला डेटा नष्ट करा. लॅपटॉपवरचा, पेनड्राइव्हवरचा, आणि गाईडना ईमेलने पाठवलेली ती एक प्रत जी दोघंही विसरलेले असता. मग कंपनीला आणि नीतिमत्ता समितीला एका ओळीचं ईमेल पाठवून तसं कळवा.